बाँडपट गंभीर का झाले?

प्रश्न : रॉजर मूर यांच्या बाँडपटांतील (गुप्तहेर जेम्स बाँडच्या चित्रपटांतील) खेळकरपणा डॅनियल क्रेग यांच्या काळात लोपला. ही मालिकेची अधोगती नव्हे काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आम्हांला तसे वाटत नाही. ‘द सी वुल्व्ज’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मूर गोव्यात आले होते, त्यामुळे येथील जुन्या प्रेक्षकांना त्यांच्याविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे, परंतु १९७९ मध्ये ‘मूनरेकर’मध्ये अंतराळात गेलेल्या बाँडला १९८१ मध्ये ‘फॉर युअर आइज ओन्ली’त पुन्हा जमिनीवर, म्हणजे वास्तवाकडे आणले गेले, तेही मूर यांच्याच काळात. २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’ या क्रेग यांच्या पहिल्या बाँडपटाच्या आरंभी, प्रसाधनगृहातील कृष्णधवल झटापटीत, माणूस मारणे किती किळसवाणे असते हे दिसते, आणि म्हणूनच पुढे बाँडची प्रेयसी व्हेस्पर हिचा मृत्यू जिव्हारी लागतो. ‘स्पेक्टर’ या क्रेग यांच्याच बाँडपटाबाबत मात्र तुमची तक्रार रास्त आहे, खलनायकाला बाँडच्या बालपणाशी जोडण्याचा अट्टहास कथेला पेलवलेला नाही.