पाळी जाऊन चार वर्षं झाली, आता संबंधाच्या वेळी खूप आग होते. या वयात हे बंदच करावं का?

ताई, बंद करायचं का ते तुम्ही दोघांनी ठरवा, इच्छाच होत नसेल आणि त्याचं काही वाटतही नसेल तर सोडून द्या, तो काही आजार नाही. पण तुम्ही लिहिलंय की मन होतं आणि दुखेल या भीतीने झोपेचं सोंग घेता, म्हणून उत्तर लिहायला बसले, कारण हेच सोंग मी दोन वर्षं घेतलंय. माझं वय ६१, पाळी ४९व्या वर्षी गेली.

माझी सुरुवात लघवीपासून झाली. दर दोन महिन्यांनी उन्हाळी लागायची, मी आपली धण्याचं पाणी पितेय, सब्जा खातेय, मग अँटिबायोटिकचा कोर्स, की परत तेच. त्यानंतर संबंधाच्या वेळी आतून पॉलिश पेपर घासल्यासारखं व्हायला लागलं आणि ह्यांना वाटलं हिला आता मी नकोसा झालो. पहिल्या डॉक्टरांना मोठ्या धीराने सांगितलं तर म्हणाले आता वय झालं, मन दुसरीकडे रमवा. गप घरी आले. पुढे एका बाई डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट बघता बघता सरळ विचारलं, "संबंध येतात का? दुखतं का?" आणि मला तिथे रडूच आलं.

त्यांनी सांगितलं ते असं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, कमी होतं, त्याने योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. तिथे चांगले बॅक्टेरिया असतात, दह्यातल्या बॅक्टेरियांचेच भाऊबंद, ते आंबटपणा टिकवून इन्फेक्शन दूर ठेवतात, तेही कमी होतात, म्हणून लघवीचा त्रास आणि हा त्रास जोडीने येतात. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांनी थांबतं, हे मात्र उपचार न करता सहसा जात नाही, उलट वाढतं. आधी याला अ‍ॅट्रॉफी म्हणायचे, म्हणजे सुकून जाणं, २०१४ला ते बदलून जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, म्हणजे पाळी गेल्यावरचा योनीचा आणि लघवीचा त्रास, असं लांबलचक नाव दिलं. लांब असू दे, पण निदान बाईला सुकलेली तरी म्हणत नाहीत!

उपाय फार अवघड नाहीत. त्या वेळेपुरतं पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट, मेडिकलमध्ये मिळतं. मी आधी खोबरेल वापरायचे, थोडा फरक पडायचा, पण कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं. आतून साबण आणि ते सुगंधी वॉश पहिले बंद करा, मी स्वच्छतेच्या नादात तेच रोज लावून आग वाढवून घेत होते. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रोजेनची क्रीम देतात, मला दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा सांगितली होती, फरक कळायला दीडेक महिना गेला. रक्तात ती फार थोडी जाते, तरी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि मनाने आणून तर कोणीच लावू नका. मेडिकलवाल्या पोराने ती ट्यूब पेपरात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून दिली, पूर्वी पॅड द्यायचे तशी. मी पिशवी परत केली.

आपण डॉक्टरांना सांगत नाही आणि ते विचारत नाहीत, हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात ६५ ते ७४ वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांचे संबंध चालू होते, पण पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी एकदा तरी बोललेल्या बायका फक्त २२ टक्के.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, संबंधानंतर दिसला तरीसुद्धा, लगेच डॉक्टरकडे जा आणि सोनोग्राफी सांगितली तर करा. बऱ्याचदा कोरडेपणाचंच निघतं पण कधी गर्भाशयाचा कॅन्सरही असू शकतो.

आणि नवऱ्याला सांगा हो. मी अंधारातच सांगितलं, तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, की तुम्ही नकोसे नाही, मला दुखतं. हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आधी का नाही बोललीस. घाई करायची नाही, दुखलं की थांबायचं, नुसतं जवळ झोपलं तरी चालतं, हे त्यानंतरच जमायला लागलं. आमच्याकडे खरी अडचण वेगळीच होती, नातू पाच वर्षांचा होईपर्यंत आमच्या दोघांच्या मध्ये झोपायचा. शेवटी सुनेला सांगितलं, आजोबा घोरतात, पोराची झोप मोडते, त्याला तुमच्या खोलीत घ्या. ती हसली आणि गादी उचलून घेऊन गेली.