अपोलो ११ची जागा देवगडहून

प्रश्न : ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून अपोलो ११चं यान दिसेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : यान नाही, पण ते उतरलं तो प्रदेश छान दिसेल. यानाचा चंद्रावर मागे राहिलेला भाग पायांसकट जेमतेम ९ मीटरचा. हवेच्या थरथरीमुळे दोनेक किलोमीटरहून लहान काही सहसा उमटत नाही. (चांद्रयान-२ने मात्र तो वरून टिपलाय!) शुक्ल षष्ठी-सप्तमीला, १०० पटीवर, चंद्रावरच्या शांतिसागर या काळसर मैदानाच्या नैर्ऋत्य कडेला सॅबाइन आणि रिटर ही सुमारे ३० किलोमीटर रुंदीची जोडविवरं शोधा. सॅबाइनच्या पूर्वेला साधारण १०० किलोमीटरवर ‘ईगल’ हे अपोलो ११चं उतरणारं यान उतरलं. पौर्णिमेला सावल्याच नसतात, तेव्हा नको. किनाऱ्यावर भिंगावर दव बसतं. पुढे १० सेंटीमीटर लांब काळ्या पुठ्ठ्याची नळी बसवा. दव पुसू नका, खाऱ्या कणांनी ओरखडे पडतात.