झुलतं शिल्प खालून वर बांधा

मुलांकडून झुलती शिल्पं, म्हणजे काड्यांना दोऱ्याने तुकडे टांगून तोल साधलेली लटकती शिल्पं, करून घेणार असाल, तर सगळ्यात खालच्या काडीपासून सुरुवात करा. वरून बांधत गेलात की प्रत्येक नवा तुकडा आधीचा तोल बिघडवतो आणि मुलं रडकुंडीला येतात. बांबूची काडी, दोरा, पुठ्ठा एवढं पुरे. काडी ज्या दोऱ्यावर लटकते, त्याची मधली गाठ सैल ठेवा, मुलांना ती बोटाने सरकवू द्या. २० सेंटिमीटरच्या काडीला एका टोकाला तीन सारखे तुकडे, दुसऱ्याला एक लावला, तर गाठ जड टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरवर येते: ३ × ५ आणि १ × १५, दोन्हीकडे तुकडे गुणिले अंतर सारखंच. हे सूत्र आधी फळ्यावर लिहू नका, कृपा करून! काडी आडवी स्थिरावली की मुलं श्वास रोखून बघतात. मोजपट्टी तेव्हा द्या. मग गाठीवर फेविकॉलचा थेंब. अशा शिल्पांसाठी गाजलेले अलेक्झांडर काल्डर १९१९ साली यांत्रिकी अभियंता झाले होते, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.