कॉम्प्रेशन डोळ्याला कळत नाही म्हणतात, मग कुस्तीच्या व्हिडिओत मातीचाच गाळ का होतो?

तुमच्या मूळ फाइलमध्ये सगळं झकास, पण व्हिडिओ लहान केला की पैलवानाचा चेहरा बरा आणि तांबड्या मातीचे ठोकळे. मी कोल्हापुरात लग्नं आणि कुस्त्या दोन्ही शूट करतो, त्यामुळं हे दुखणं घरचंच आहे.

एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, डोळ्याच्या सवयी बघून काटकसर करतो. आपल्याला उजेडाचे बारकावे कळतात, रंगाचे तेवढे नाहीत. म्हणून ४:२:० या रंग साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत चार पिक्सेलना (चित्राच्या ठिपक्यांना) उजेडाचे चार आकडे आणि रंगाचे मिळून दोनच. लाल लंगोटाची कड त्यामुळं जरा विरघळते. ते खपतं.

खरी गोम पुढं आहे. दिवाळीत महाद्वार रोडच्या गर्दीत कुणी शीळ घातली तर ऐकू येत नाही, पहाटे रंकाळा तलावावर तीच लगेच कळते. डोळ्याचंही तसंच. खडबडीत जागी चूक लपते, सपाट जागी उठून दिसते. म्हणून एक्स२६४ सारखा एन्कोडर खडबडीत भागाचे बिट (फाइलमधली जागा) काढून आकाशाला, गुळगुळीत कातडीला देतो. त्याच्या लेखी माती म्हणजे गर्दी! त्यात ती उडाली की मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखता येत नाही, आणि असतील तेवढेही बिट संपतात.

पण कुस्ती बघणारा नेमका कुठं बघतो? खांदा मातीला लागला का, तिथंच. मागं एका गावच्या मैदानात निकालावरून वाद पेटला. मोबाइलवरची क्लिप मोठी करून बघितली तर खांदा आणि माती एकाच तपकिरी ठोकळ्यात. दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणत होत्या. शेवटी कॅमेऱ्यातली फाइल लावली, खांद्याखाली बोटभर फट स्वच्छ दिसली.

तेव्हापासून मी कुस्तीसाठी एक्स२६४ मध्ये सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितकं चित्र चांगलं) २३ चा २० करतो आणि एक्यू-स्ट्रेंग्थ (खडबडीत भागाचे बिट सपाट भागाला द्यायचा जोर) १ वरून ०.६ वर आणतो. फाइल फुगते, फुगू दे. कॅमेरा स्टँडवरच ठेवा, हातात धरला की मागचं सगळं पब्लिक हलतं आणि बिट तिकडं जातात. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे परत दाबला जात नाही. लग्नाला मात्र मूळ सेटिंगच ठेवतो, तिथं सगळे नवरीचा चेहराच बघतात.