जुना प्लेस्टेशन, नवा टीव्ही

नव्या टीव्हीवर चित्र खराब दिसते म्हणून महागडा अपस्केलर (जुने चित्र नव्या टीव्हीसाठी मोठे करणारी डबी) नागपूरहून मागवण्याआधी आपल्या प्लेस्टेशन २ ची पिवळ्या पिनेची केबल बदलावी. त्या एकाच तारेतून प्रकाश आणि रंग मिसळून येत असल्याने अक्षरांच्या कडा फाटतात. त्याऐवजी घ्यायच्या कंपोनंट केबलमध्ये (हिरव्या, निळ्या, लाल पिनांची) ते तीन तारांतून वेगवेगळे येतात. मात्र जुनी केबल काढण्यापूर्वीच कन्सोलच्या सेटिंगमध्ये आरजीबीऐवजी वायपीबीपीआर (रंग पाठवण्याची कंपोनंटची पद्धत) निवडावे, नाहीतर पडद्यावर हिरवट चित्र दिसेल. टीव्हीला कंपोनंटची सोय आहे ना, हे आधी पाहावे. बाजारातल्या स्वस्त एव्ही-एचडीएमआय डबीवर पैसे घालवू नयेत, कारण एकदा मिसळलेले चित्र ती नीट वेगळे करत नाही. टीव्हीत गेम मोड सुरू करून शार्पनेस उतरवावा, चित्र ४:३ (जुन्या टीव्हीच्या आकाराचे) ठेवावे. तालुक्याच्या भंगारवाल्याकडे चालू पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळालाच, तर माझ्या मते तोच घ्यावा.