माणसाच्या स्वभावाबद्दल घरच्यांचं खरं मानायचं की मानसशास्त्राचं?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन चाचणीने चार अक्षरं देऊन तुम्हाला 'अंतर्मुख' ठरवलं, घरचे 'घुम्या' म्हणतात आणि यातलं शास्त्रीय काय ते कळत नाही. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि बसतो अमळनेर तालुक्यातल्या आमच्या कृषी केंद्रावर, बियाणं-खतं विकायला. उधारी कुणाला द्यायची हे रोज ठरवावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं सांगू शकतो.

आधी ती चाचणी. चार अक्षरांच्या, सोळा प्रकारांच्या ज्या चाचण्या फिरतात त्यांचा मूळ साचा कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींचा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या स्वभावप्रकारांच्या १९२१च्या मांडणीवरून त्यांनी तो बांधला. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. म्हणजे तीही घरगुती समजच, फक्त इस्त्री केलेली.

संशोधक सध्या मुख्यतः पाच घटक मोजतात: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची ओढ. यात कुणी 'हा' किंवा 'तो' नसतो. प्रत्येकजण प्रत्येक घटकावर कमीजास्त असतो आणि बहुतेक लोक मधेच कुठेतरी सापडतात. गंमत म्हणजे याचा कच्चा माल लोकांच्या तोंडूनच आलेला आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचले. पुढच्यांनी संख्याशास्त्राने ते चाळत चाळत पाचावर आणले. लोकांनी आधी बोलूनच ठेवलं होतं, मोजलं नव्हतं.

आता आमच्या केंद्रावरच्या नानांची उधारी देण्याची पद्धत. त्यांच्या वहीत नाव आणि रक्कम असते, बाकी सगळं डोक्यात. एकाबद्दल म्हणतील, कापूस मोजून विकला की त्याच दिवशी पैसे आणून देईल, पण कापूस घरात भरून ठेवला असेल तर त्याच्या वायद्याला अर्थ नाही. दुसऱ्याबद्दल, "मानूस चांगला शे, पन लगीनघरमा पैसा मांगू नको." तिसरा दुकानात हुज्जत घालतो, भावाशी बांधावरून बोलत नाही, पण आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) वायदा कधी चुकवत नाही. नाना त्याला 'भांडकुदळ' म्हणतात आणि बियाण्याची पाकिटं बिनधास्त उधार देतात.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली नेमक्या याच जागी बोट ठेवलं होतं. एका प्रसंगातलं वागणं आणि दुसऱ्या प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) साधारण ०.३०च्या आसपासच राहतो, असं त्यांनी दाखवलं, आणि या क्षेत्रात बरीच वर्षं वाद पेटला. सेमूर एपस्टाइन यांनी १९७९ साली उत्तर दिलं की पुष्कळ प्रसंगांची सरासरी घ्या, मग माणूस बराच सातत्याने वागताना दिसतो. १९९५ साली मिशेल आणि शोडा यांनी 'अमुक असेल तर तमुक वागेल' ही अटींची जोडीच माणसाची ओळख मानली. नानांनी यातलं काहीच वाचलेलं नाही, पण त्यांचं खातं तेच आहे. आपल्याकडे हे नवलही नाही. जोन मिलर यांच्या १९८४च्या अभ्यासात शिकागोतले प्रौढ वागण्याचं कारण स्वभावात शोधत होते, तर म्हैसूरचे प्रौढ त्या माणसाच्या भूमिकेत आणि परिस्थितीत.

म्हणून मी दोघांत कुस्ती लावत नाही. पाच घटक सांगतात की हजार माणसांत तुम्ही कुठे बसता. नाना सांगतात की हा माणूस माझ्याशी, या कामात कसा वागेल. उधारी द्यायला मला नानांचंच उपयोगी पडतं. पण अनोळखी गिऱ्हाईक आलं की नानांचीही पंचाईत होते, कारण अटी माहीत नसतात. मग ते गोड बोलण्यावरून व्यवहार चोख असेल असं धरतात. सोलोमन ॲश यांनी १९४६ साली दाखवलेली खोड हीच: गुणांच्या यादीत फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड' लिहिलं की ऐकणाऱ्याच्या मनातला अख्खा माणूस बदलतो. एका गुणाला दुसरा आपोआप चिकटवणं ही आपली सर्वांत जुनी सवय, आणि इथे मोजणारं शास्त्र खरोखर कामाला येतं. बोलकेपणा बहिर्मुखतेत मोडतो, गोडवा सौजन्यात, आणि कर्तव्यदक्षता हा वेगळाच घटक आहे.

आणि चाचणी 'अगदी बरोबर' वाटली यावर जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच वर्णन वाटलं होतं, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेलं. त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, कमी बोलणं हे बाहेरून दिसतं, त्यामुळे 'घुम्या' म्हणणारे घरचे उगाच बोलत नसावेत. फक्त त्यांना विचारा, कुठे घुम्या? पाहुण्यांत, की वडिलांसमोर, की सगळीकडेच? आत किती धाकधूक चालते ते मात्र त्यांना दिसत नाही, ते तुमचं तुम्हालाच जास्त ठाऊक.