मेनूची पातळी मोजायला स्टॅटिक काउंटर नको

पीएचपीत मेनू छापणाऱ्या रिकर्सिव्ह (उपपानांसाठी स्वतःलाच कॉल करणाऱ्या) फंक्शनमध्ये पातळी मोजायला 'डेप्थ' हे स्टॅटिक व्हेरिएबल ठेवलं, आत शिरताना एकने वाढवलं, शेवटी एकने कमी केलं, तरी फूटरचा मेनू थेट चौथ्या पातळीवर सुरू होतो, असा तुमचा प्रश्न.

वजाबाकीची ओळ फंक्शनच्या तळाशी आहे. आणि वर, सहाव्या-सातव्या ओळीवर, 'उपपानं नसतील तर रिटर्न'. म्हणजे ज्या पानाला उपपानं नाहीत ते एक वाढवून जातं आणि कमी न करताच निघून जातं. मुख्य मेनूत मुळाखाली तुमची तीनच पानं आहेत, तिघांनी एकेक उधारी ठेवली. काउंटर ३ वर अडकला, फूटर शिरला की ४.

ट्राय-फायनली लावून वजाबाकी फायनलीत (कुठूनही रिटर्न केलं तरी चालणाऱ्या भागात) टाकलीत तर हे सुटेल. मी तरी तसं करणार नाही. पातळी त्या एका कॉलची असते, स्टॅटिक व्हेरिएबल मात्र सगळ्या कॉलांत सामायिक, तेही रिक्वेस्ट संपेपर्यंत. (उद्या ऑक्टेन किंवा स्वूल अशा, एकच प्रक्रिया अनेक रिक्वेस्टना वापरणाऱ्या सर्व्हरवर गेलात तर वर्कर जिवंत राहतो आणि एकाची उधारी पुढच्या पाहुण्याच्या माथी.) सरळ पातळीसाठी दुसरा पॅरामीटर 'डेप्थ' घ्या, डिफॉल्ट ०. कुठूनही रिटर्न करा, हिशेब बिघडत नाही.

इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. लूपमधून कॉल करताना 'डेप्थ + १' लिहा, 'डेप्थ++' नाही. 'डेप्थ++'ने पहिल्या उपपानाला जुनाच आकडा जातो आणि नंतरच्या प्रत्येक भावंडाला एकेक जास्त. '++डेप्थ'नेही भावंडं जिन्यासारखी उतरत जातात.

एखादं पान स्वतःच्याच खाली लागलं तर होणारं अनंत रिकर्शन थांबवायला पाचव्या पातळीवर तोडायचं म्हणताय, ते मला पटत नाही. पाच पातळ्यांपर्यंत तीच पानं पुन्हापुन्हा छापली जातील आणि मूळ दोष झाकलेलाच राहील. पीएचपी स्वतः खोली मोजून अडवत नाही. एक्सडीबग (डीबगिंगचं एक्स्टेंशन) असेल तर तो ठरावीक खोलीवर अडवतो, नसेल तर मेमरी लिमिट संपेपर्यंत गाडी चालू. आकड्याऐवजी मुळापासूनच्या आयडींची अ‍ॅरे पॅरामीटरने खाली न्या. आयडी त्यात आधीच असेल तर थांबा. अ‍ॅरे व्हॅल्यूने जाते, त्यामुळे भावंडांची वाट एकमेकांत मिसळत नाही. शिवाय तिची लांबी हीच पातळी, वेगळा आकडा कशाला?

त्याआधी टेबलात पॅरेंट आयडी (वरच्या पानाचा आयडी) आणि आयडी एकच असलेली ओळ आहे का, तेवढी क्वेरी चालवून बघा.